चौदा एप्रिल, सकाळी अकरा

प्रिय हिल्का,

अक्षर शेजारच्या सीत्स्केचं आहे, शब्द माझे. माझ्या बोटांनी आता पेनही धरवत नाही. मध्येच काही शहाणपणाचं आलं, तर ते तिनं घुसडलंय असं समज.

फेब्रुवारीतला तो फोन मी विसरलेलो नाही. दुसऱ्या डॉक्टरांचीही संमती मिळाली, चौदा एप्रिलला सकाळी अकराला डॉक्टर बाउमा घरी येतील आणि मला शांतपणे जाऊ देतील, हे मी तुला दाताच्या डॉक्टरची वेळ सांगावी तसं सांगितलं. तू रडायला लागलीस. मी म्हणालो, मरण माझं आहे, तुझा त्यात काय संबंध? तू फोन ठेवलास. चाळीस वर्षं कालव्यावरचा पूल बोटींसाठी मी या हातांनी उघडला, आणि आता घास भरवायलाही माणूस लागतं. या बऱ्या न होणाऱ्या दुखण्याला कंटाळलो होतो गं, खरंच.

गेल्या बुधवारी सीत्स्के कॉफीला आली, संडासात गेली आणि लालबुंद होऊन बाहेर आली. तिथल्या वाढदिवसांच्या कॅलेंडरवर, बोटं चालत होती तेव्हाच, मी चौदा तारखेपुढे माझंच नाव घालून ‘वीबे, अकरा वाजता’ असं लिहून ठेवलं होतं. जागा रिकामी होती, म्हणून. “अरे गाढवा,” ती ओरडली, “खालीच पंधराला तुझ्या नातीचा वाढदिवस आहे! या कॅलेंडरवर साल नसतं, दर वर्षी हेच चालतं. तुझ्यामागे ते हिल्काच्याच घरी टांगलं जाणार. फेन्नानं दर वर्षी तिथे बसून आधी आजोबाचं मरण वाचायचं आणि मग केक कापायचा?”

मी हसलो. मग हसू येईना. इच्छामरणाचा कायदा वाचला, डॉक्टरांच्या प्रश्नांना चार महिने उत्तरं दिली, पण पोरीचा वाढदिवस माझ्या डोक्यातही आला नव्हता.

परवा बाउमाबाईंना फोन केला. “हो म्हणायला चार महिने लागले, नको म्हणायला हा फोन पुरे,” असं म्हणाल्या आणि नाक ओढत राहिल्या. खांदेदुखीवर नवं औषधही दिलंय. नवी तारीख मी घेतलेली नाही.

हे पत्र त्यासाठीच. माझा हक्क मी सोडलेला नाही. दुखणं असह्य झालं तर पुन्हा विचारीन. पण ‘तुझा काय संबंध’ हे मी मागे घेतो. पुढच्या वेळी डॉक्टरांच्या आधी तुझ्याशी बोलेन, आणि तुझं ‘नको’ शेवटपर्यंत ऐकून घेईन. पंधराला मी आहे. फेन्नाला आणि केक घेऊन ये. मला भरवायचं मात्र तू.

तुझाच,
बाबा