आरतीचं बाइंडिंग, तुझ्या पट्ट्या

बेलापूर, ता. श्रीरामपूर
११ जानेवारी २०२६

प्रिय दिशा,

पाकिटावरचं अक्षर ओळखलंस ना? बावीस वर्षांत मी तुला दिवाळीचे निरोप तेवढे पाठवले, तेही मोबाईलवर, तेही दुसऱ्या कुणाचे पुढे ढकललेले. आज मात्र कागद घेऊन बसलेय. फोन केला असता, पण तुझं ‘बोल गं सत्या’ कानावर पडलं की मी मनालीची थंडी, तुझी तब्येत असलंच काहीबाही विचारत बसले असते आणि मूळ गोष्ट पोटातच राहिली असती. माझ्या लेकीला, आरतीला, फेब्रुवारीत तुझ्या गटाबरोबर स्की घालून बर्फात चढायचंय. घेते की नाही ते तू अजून सांगितलेलं नाहीस; आधी आईशी बोलते म्हणालीस. म्हणून तू बोलायच्या आत मीच लिहितेय.

पोरीनं गेला महिनाभर डोकं खाल्लंय. आमच्याकडे ऊस तोडायला आलाय, पण घरात चर्चा बाइंडिंगची. बूट स्कीला धरून ठेवणारं एवढंसं यंत्र, पण त्याचे प्रकार किती! आपल्या वेळी हातात पडेल ते घ्यायचं आणि गंज खरवडायचा. आरतीला सगळ्यात हलकं हवं होतं, बुटाच्या नाकाला दोन बाजूंनी नुसत्या दोन टाचण्यांनी पकडणारं. चढताना टाच मोकळी उचलते आणि पावलागणिक ओझं उचलावं लागत नाही, हे खरंच. पण मी हटून बसले की पडलीस तर पाय सुटला पाहिजे, हलकेपणा नंतर बघू. त्यावरून दोन दिवस आमचा अबोला. शेवटी तुझा सल्ला आला: टाचण्यांचंच घे, पण टाचेकडून नीट सुटणारं आणि ब्रेक असलेलं, किती जोराला पाय सुटेल तो आकडा मात्र स्वतः फिरवू नकोस, वजन, उंची, बुटाचं माप सांगून जाणत्याकडून लावून घे. माझं दहा वेळा सांगून ऐकलं नाही, तुझं एका निरोपात ऐकलं. थोडी जळलेच मी तुझ्यावर.

मग आल्या पट्ट्या. चढताना स्कीच्या तळाला चिकटवायच्या त्या केसाळ पट्ट्या, पुढे सरकू देतात आणि मागे घसरू देत नाहीत. मोहेरच्या, म्हणजे बकऱ्याच्या लोकरीच्या, छान सरकतात पण लवकर झिजतात, नायलॉनच्या चिवट पण जरा अडखळत चालतात. बाईसाहेबांनी दोन्हींच्या मिश्रणाच्या मागवल्या. पडवीत स्की उलट्या टाकून दिवसभर कापत बसली, दोन्हीकडची लोखंडी कड उघडी राहील अशी, अगदी जीभ बाहेर काढून. माझ्या सासूबाई, साळूबाई, शेजारी बसून त्यावर हात फिरवत होत्या. म्हणाल्या, “वासराच्या पाठीवानी लई मऊ हाय गं ह्ये. पर उलटा हात फिरवला की आडतंय बघ.” अगं, आपल्या शिबिरातल्या सरांना एवढंच समजावून द्यायला अर्धा तास लागला होता!

तुला आठवतं, एनसीसीच्या त्या बर्फातल्या शिबिराला निवड झाल्यावर आपण प्रवरेच्या वाळूत सराव केला होता? बांबूच्या चिरफळ्या सायकलच्या ट्यूबनं पायांना बांधल्या होत्या. तिसऱ्या पावलाला तू तोंडावर पडलीस आणि नाकातली वाळू शिंकरत म्हणालीस, बर्फ याच्यापेक्षा मऊच असणार. पुलावर तुझे आप्पा सायकल धरून उभे होते. ते ओरडले, “एनशीशीत बंदूक चालवाया शिकीवत्यात का वाळू खायला?” घरी येईपर्यंत आपण हसत होतो. नगरच्या कॉलेजातून हिमालयात जाणाऱ्या आपण दोघीच. रेल्वेत तू खिडकी सोडली नाहीस आणि मी आईनं दिलेल्या शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा सोडला नाही.

तू खरी त्यातली होतीस, दिशा. मी घाबरत पाऊल टाकायची आणि तू धापा टाकत गाणी म्हणत चढायचीस. खिंडीपलीकडच्या मोहिमेसाठी चार मुली निवडल्या तेव्हा तुझं नाव सगळ्यात वर होतं. मी राखीव. त्या संध्याकाळी तू तुझ्या वाटणीचं गरम पाणी मला पाय शेकायला दिलंस, कारण राखीव राहिल्याचं मला वाईट वाटेल असं तुला वाटलं. वाईट वाटलं होतंच, खोटं कशाला बोलू. पण तुझ्याबद्दल मनात काही नव्हतं, एवढं पुढचं वाचताना लक्षात ठेव.

परवा आरतीनं तुझा शेवटचा निरोप मला मोठ्यानं वाचून दाखवला. मी भाकरी थापत होते. तू लिहिलंयस, “पट्ट्या कधी शेगडीजवळ वाळवू नकोस. मी तंबूतल्या लोखंडी शेगडीजवळ, बुखारीजवळ टांगल्या होत्या, गोंद गेला, चढावर पट्टी सुटली, जुनं बाइंडिंग उघडलं नाही आणि गुडघा पिरगळला. माझ्याच निष्काळजीपणानं मोहीम गेली, आणि प्रत्येक नव्या गटाला मी पहिल्या दिवशी ही माझी चूक सांगते.” तव्यावरची भाकरी काळी झाली तरी मला कळलं नाही. बावीस वर्षं तू हे सांगत आलीस, अनोळखी पोरांसमोर, दर हिवाळ्यात.

दिशा, तुझ्या पट्ट्या मी खराब केल्या होत्या. तू पडलीस त्याच्या आदल्या दुपारी अंगात कणकण म्हणून तू झोपली होतीस आणि तुझ्या जुन्या पट्ट्या बुखारीजवळच्या दोरीवर ताठ झाल्या होत्या. पोळ्याच्या आधी बाबा बैलांचे चामडी पट्टे करडईच्या तेलानं चोळून मऊ करायचे, मी लहानपणापासून त्यांच्या शेजारी बसून चोळलेत. आईनं केसांना दिलेली तेलाची बाटली माझ्या पेटीत होती. वाटलं, उठल्यावर तुला बरं वाटेल. केसांच्या बाजूनं सगळी बाटली जिरवली. ते कापडातून खाली गोंदात उतरेल हे माझ्या डोक्यातही आलं नाही. दुसऱ्या दिवशी पट्टी सुटली तेव्हा मी तुझ्या मागेच होते. ती उचलली, हात तेलकट झाला आणि मला सगळं कळलं. सर तुझ्यावर ओरडत होते, तू वेदनेनं पांढरी पडली होतीस, तरी मान खाली घालून बुखारीचं कबूल केलंस; आणि मी पट्टी जॅकेटला पुसली आणि गप्प उभी राहिले. चार दिवसांनी तुझ्या जागी मी गेले. खिंडीतला तो फोटो मी कधी भिंतीवर लावला नाही, एवढीच माझी लाज. काल आरतीला सांगितलं. ती म्हणाली, मावशीला आधी कळू दे, तिनं बोलावलं तरच मी जाईन. तेव्हा तिला घ्यायचं की नाही ते तू ठरव. नाही म्हणालीस तर आम्ही दोघी समजून घेऊ. तुझी ती मोहीम मी तुला परत देऊ शकत नाही. पण तुझं काहीही चुकलं नव्हतं, दिशा. काहीही नाही.

म्हणायचा हक्क उरला असेल तर,
तुझीच,
सत्यशीला