नागानोच्या शाळेचा व्हिसा

१४ नोव्हें.
ऑनलाइन इंटरव्ह्यू झाला. जपानमधली, नागानोजवळची शाळा, सातवी-आठवीला इंग्रजी. मुख्याध्यापिका मधेच जपानीत विचारायला लागल्या, मीही जपानीतच उत्तरं दिली. पुण्यात जपानीचे क्लास घ्यायचे तेव्हासारखी. शेवटी त्या मला 'सेन्सेई' म्हणाल्या, म्हणजे बाई. इथे अमेरिकेत, हर्नडनमध्ये आल्यापासून मी फक्त नवऱ्याच्या, अमोलच्या व्हिसावरची डिपेंडंट. काम करायची परवानगी नाही.

२० नोव्हें.
निवड झाली. जेवताना अमोलला सांगितलं. "छान," म्हणाला. भाजी वाढून घेतली. मग, "तुझा पासपोर्टवरचा इथला व्हिसाचा स्टॅम्प संपलाय. एकदा बाहेर गेलीस की परत यायला भारतातून नवा व्हिसा. अपॉइंटमेंट कधी मिळेल काय माहीत. ईराची शाळा, डबा, सगळं मी एकटा कसं बघू, यार?"
चुकीचं काहीच बोलला नाही. तोच त्रास आहे.

९ डिसें.
तरी शाळेला कागद पाठवले. तिकडचा अर्ज शाळाच करते. अमोल भांडला असता तर बरं झालं असतं. "तुला हवं ते कर," म्हणून लॅपटॉप उघडला.

३ फेब्रु.
जपानहून मंजुरी आली. आता वॉशिंग्टनला, त्यांच्या वकिलातीत पासपोर्ट द्यायचा. ईराला गाडीत सांगितलं.
"सो यू आर जस्ट लीव्हिंग?"
"एक वर्ष फक्त, बाळा."
"डॅड सेड यू माइट नॉट गेट बॅक इन."
शाळेपाशी उतरली. दार आपटलं नाही, हळूच लावलं.

१२ फेब्रु.
पासपोर्ट दिला. अमोलने सुट्टी काढून नेलं. रस्ताभर रेडिओ.

१९ फेब्रु.
व्हिसा लागून पासपोर्ट आला. संध्याकाळी दाखवणार होते. अमोल दुपारीच घरी. कंपनीने त्याची अख्खी टीम काढून टाकली. दोन महिन्यांत दुसरी नोकरी नाही मिळाली तर तिघांनाही अमेरिका सोडावी लागेल. बूट न काढता जिन्यावर बसून राहिला. मी चहा टाकला. पासपोर्टचं बोललेच नाही.

२२ फेब्रु.
सकाळी त्यानेच विचारलं. "तिकडे नवऱ्याला, मुलीला नेता येतं?"
"येतं. डिपेंडंट म्हणून."
"मला काम करता येईल?"
"परवानगी काढून. आठवड्याला थोडे तास."
धुतलेला कप परत धूत राहिला. मग म्हणाला, "चालेल."
डॅडच्या नोकरीचं कळल्यापासून ईरा खोलीतून बाहेर येत नाही. "आय हॅव अ लाइफ हिअर," काल एवढंच.
शाळेची मेल आलीय, कधी पोचणार, किती जण. उत्तर अर्धं लिहून ठेवलंय.
मला एकटीला जायचं होतं. हे आता कुणाला सांगू?