पत्रावळीखालच्या चिठ्ठ्या

पाटण, नेपाळ, चौकाची दक्षिण बाजू,
असार १२

आदरणीय थोरले बंधू आष्टमान दाइ यांस,

पायांवर डोकं ठेवून नमस्कार. तुमचे गुडघे कसे आहेत? तुमच्या कारभारणीचा, आमच्या भाउजूंचा, खोकला थांबलेला दिसतो, कारण काल भाजीवाल्याला दिलेल्या शिव्या त्यांनी एका दमात दिल्या. आमच्याकडेही क्षेम आहे, म्हणजे तुमची धाकटी भावजय दिलशोभा माझ्याशी बोलते, पण कामापुरतंच. पत्र लिहिण्यास कारण की, गेल्या महिन्यात गुठीच्या, आपल्या भाऊबंदांच्या, भोजनात जे घडलं त्याबद्दल मला खेद आहे. (हा पाचवा मसुदा. आधीच्या चारांत 'खेद' नव्हता, 'गैरसमज' होता. दिलशोभानं चारही चुलीत घातले.)

माझी नोकरी नेमकी काय होती ते तुम्हाला कधी कळलं नाही, असं तुम्ही दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचात. आता खरं सांगतो. परदेशी वकिलातींत चौतीस वर्षं मी माणसांना बसवलं. कोण कुणाच्या उजवीकडे, कोण दारापाशी, कुणाची खुर्ची दोन बोटं पुढे, हेच. कैरोत एकदा दोन देशांचे राजदूत एकाच जागेसाठी अडून बसले, तेव्हा मी मध्ये एक भलीमोठी कुंडी ठेवली आणि दोघांनाही पटवलं की आपणच तिच्या वरच्या अंगाला आहोत. (याबद्दल मला प्रशस्तिपत्र मिळालं. बाकी कारकिर्दीत सांगण्यासारखं फारसं नाही, हे आठवणी लिहायला बसलो तेव्हा दुसऱ्याच पानावर ध्यानात आलं.)

तर यंदा कुलदेवतेच्या पूजेनंतर भाऊबंदांना जेवू घालायची पाळी माझी. वयानं सगळ्यांत मोठा तो थकाली, त्याची चटई पंगतीच्या टोकाला, बाकीचे वयाप्रमाणे खाली. बोकडाच्या मुंडीतला उजवा डोळा थकालींचा, आणि त्यांनी पहिला घास घेतल्याखेरीज कुणी पत्रावळीला हात लावायचा नाही. (थकाली तुम्ही, आणि हे मी तुम्हालाच सांगतोय म्हणजे कमाल झाली. पण दिलशोभा म्हणते, लिहून काढल्याशिवाय तुमच्या डोक्यात शिरणार नाही.) गुठीच्या पंगतीत परका माणूस बसत नाही, हेही मला माहीत होतं. तरी मी सचिवसाहेबांना बोलावलं, कारण सरकारच्या सल्लागार समितीवर कुणाला घ्यायचं ते त्यांच्या हातात होतं. मनातल्या मनात त्यांना मी 'निरीक्षक' हा दर्जा देऊन टाकला. मग जुनी खोड उसळली. प्रत्येक पत्रावळीखाली नावाची चिठ्ठी, हुद्द्याप्रमाणे. टोकाला सचिवसाहेब, मग मी, मग बँकेतला, मग जनावरांचा डॉक्टर, आणि अकराव्या चटईवर तुमची चिठ्ठी: 'श्री. आष्टमान, भांड्यांचे व्यापारी'.

वाढून झालं. चाळीस माणसं हात मांडीवर ठेवून बसली. सचिवसाहेबांना वाटलं प्रार्थना चालू आहे, त्यांनी डोळे मिटले. (त्यांच्या पत्रावळीवरचा डोळा तेवढा उघडा होता.) मी उठून भाषण केलं. मग दुसरं केलं. रश्श्यावर चरबी गोठली. खालच्या टोकाकडून पोरसवदा न्हुच्छे ओरडला, "राजदूतकाका, भोजन आहे का उपोषण?" तेव्हा कुठे मला कळलं की सगळे तुमच्याकडे बघतायत. तुम्ही रागानं पाहिलं असतंत तर बरं झालं असतं. मी लहानपणी दुकानातला कलश पाडून चेपवला होता, तेव्हा "माझ्या हातून पडला" असं तुम्ही वडिलांना सांगितलंत, अगदी तसंच तोंड करून तुम्ही चिमूटभर पोह्यांचा चिउरा तोंडात टाकलात. पंगत जेवली.

त्या दिवसापासून तुम्ही मला 'राजदूतसाहेब' म्हणता. परवा धाऱ्यावर पाणी भरताना घागर मागे घेऊन "साहेब, आधी आपण" म्हणालात. परक्यांनी महामहिम म्हटलं तेव्हा मी फुगलो. तुमच्या तोंडून 'साहेब' ऐकून मेल्याहून मेल्यासारखं झालं, दाइ. जन्मभर "ए द्रव्ये, गाढवा" ऐकलेला माणूस मी.

भाउजूंना नमस्कार. कळावे,

आपला धाकटा,
द्रव्यमान

ता. क. गुरुवारी माझ्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. उजव्या. ("देवानं डोळा बरोबर निवडला," इति दिलशोभा.) मी परदेशी निघालो की दर वेळी उंबरठ्यावर तुम्हीच मला शुभशकुनाचं सगुन दिलंत: उकडलेलं अंडं, मासा, घरच्या दारूचा, ऐलाचा, घोट. डॉक्टरांनी उपाशी यायला सांगितलंय. मी खाणार नाही, नुसतं हातात धरीन. पण तुम्ही दिल्याशिवाय माझा पाय घराबाहेर पडायचा नाही.

ता. क. २. समितीवर दुसऱ्याच कुणाला घेतलं. सचिवसाहेबांचं पत्र आलं, त्यात लिहिलंय की 'खेद आहे'. वाचल्यावर कळलं, या शब्दात काहीच नसतं. म्हणून वरचा माझा 'खेद' खोडून वाचावा. मी चुकलो, दाइ. तुमची जागा मी दुसऱ्याला दिली, आणि स्वतःच्या फायद्यासाठी दिली.

ता. क. ३. पत्र दिलशोभा चौक ओलांडून आणून देईल. तुम्ही ओट्यावर बसून वाचाल ते मला खिडकीतून दिसेलच. 'साहेब' म्हणून हाक मारलीत तर मी खिडकी लावून घेईन. एक शिवी घाला, लगेच खाली येतो.