आसुन्ताचे हात

२० ऑक्टोबर

पोचलो एकदाचे. बसने घाटाखालीच उतरवलं. पुढे ट्रंक डोक्यावर आणि नातीला हाताशी धरून चढले. पण जागा झकास आहे. पुढे बेकरी, मागे आमची खोली, मधली भिंत भट्टीची. हात टेकवला की ऊब लागते. वेनेराने आल्या आल्या त्या भिंतीला पाठ लावून बसकण मारली ती उठेचना.

मालकीण दोन्ना साव्हेरिया वरच्या मजल्यावर खाटेवर आहे. खुब्याचं हाड मोडलंय. काठीने जमीन ठोकते आणि तिथूनच ओरडून कामं सांगते. मला म्हणाली, तू किनाऱ्यावरची, मासे तळत असशील, बिस्किटं जमतात का? मी म्हटलं, तुम्हाला जिना उतरता येत नाही, तेव्हा मला जे जमतं त्यावर भागवा. हसली बाई. पटेल आमचं.

ही वही तिने मापं लिहायला दिली. मापं डोक्यात राहतात माझ्या. वहीत बाकीचं लिहीन. बोलायला इथे आहे कोण?

२१ ऑक्टोबर

मृतांच्या दिवसाची बिस्किटं सुरू केली. मैदा, साखर, लवंग, पाणी. कणीक दगडासारखी घट्ट. त्याची हाडं वळायची, चार दिवस फळ्यांवर सुकवायची. वरून पांढरी पडली की भट्टीत. साखर वितळून खाली उतरते, तळ तपकिरी होतो आणि वर पोकळ पांढरं हाड राहतं. आमच्याकडेही हीच करतात. दोन नोव्हेंबरला मेलेली माणसं घरी येतात, पोरांच्या उशाशी खाऊ-खेळणी ठेवतात असं मानतात.

इथे एक जास्तीचं काम आहे. वर्षभरात ज्या घरचं माणूस गेलं त्या घराला बिस्किटाचे दोन हात द्यायचे. शवपेटीत छातीवर असतात तसे, बोटांत बोटं अडकवलेले. वर साखरेच्या लेपाची नक्षी. दोन तारखेपर्यंत ताटलीत ठेवतात, मग घरचे वाटून खातात. यंदा गावात सहा घरं. सातवी जोडी तुझ्या लेकीची कर, असं साव्हेरिया आपणहून म्हणाली. पुरली कुठेही असो, पोर इथे आहे म्हणजे आई इथेच येणार.

आसुन्ता फेब्रुवारीत न्यूमोनियाने गेली. जावई बेल्जियमच्या खाणीत कामाला. वेनेरा सात वर्षांची. तिच्याशिवाय मला कोणी नाही. ती दिवसभर विचारतेय, आई साखरेची बाहुली आणेल का? आणेल, म्हटलं. आणावी लागणारच आहे मला.

२४ ऑक्टोबर

बोटांची गुंफण डोक्याला ताप आहे. जिथे बोटं अडकतात तिथे कणीक जाड, आतून ओलीच राहते. सातपैकी पाच जोड्या तडकल्या. असलं काम कोणी काढलं कोण जाणे. दुपारी सगळ्या मोडल्या, पुन्हा मळल्या आणि सुटे हात केले. पातळ, तळवा वर, बोटं पसरलेली. दोन दिवसांत सुकतील. वरून साव्हेरियाने विचारलं, जोड्या झाल्या का? झाल्या, म्हटलं. जोडी ती जोडीच.

२७ ऑक्टोबर

एकही तडकला नाही. कागदाच्या कोनाने मनगटांवर झालर काढली, नखं काढली, लग्न झालेल्यांना अंगठी. आसुन्ताच्या डाव्या अंगठ्यावर भाजल्याचा डाग होता, तोही साखर जाळून काढला. वेनेरा बघत राहिली. म्हणाली, आजी, हे आईचेच आहेत.

सगळ्या घरी पोचवले. दोन घरच्या बायकांनी हात पाहून कपाळाला आठ्या घातल्या. शेजारची बास्तियाना मात्र खूश. तिचा नवरा जूनमध्ये गेला. बायकोला बडवण्यात त्याचं आयुष्य गेलं, हे तीच हसून सांगते. म्हणाली, मेल्याचे हात ताटलीत पडलेले बघायला बरे वाटतात.

२८ ऑक्टोबर

पहाटेपासून भट्टीपाशी होते. आठ वाजता खोलीत गेले तर वेनेराची वेणी घातलेली. चारपेडी. मला चारपेडी येत नाही, आसुन्ता घालायची. कोणी घातली विचारलं. आईने, म्हणाली. मी दटावलं. शेजारच्या कोणीतरी घातली असेल. दारं उघडीच असतात इथे.

वेणी सोडताना केसांतून साखर पडली. बेकरीच आहे. पडणारच.

२९ ऑक्टोबर

आज पुन्हा वेणी. आणि बुटांचे बंद बांधलेले, आसुन्ता बांधायची तसे, मागून फिरवून.

वेनेराला मांडीवर घेऊन नीट विचारलं. आई दिसते का? नाही म्हणाली. नुसते हात. आधी टोचायचे, आता मऊ झालेत.

बास्तियाना पाव न्यायला आली. गाल सुजलेला. पडले म्हणाली. एवढी बडबडी बाई, सुटे पैसेसुद्धा न घेता गेली. गालावर चार पांढरे पट्टे होते.

३० ऑक्टोबर

वेनेराच्या मनगटावर पांढरी बोटं उमटलीत. धुतली, जात नाहीत.

तिला वर नेलं. साव्हेरियाने मनगट पाहिलं आणि मला विचारलं, बोटं अडकवली होतीस ना? मी खरं सांगितलं. तिने वेनेराची बाही खाली ओढली. मग म्हणाली, मेलेल्यांनी यावं, पोरांना द्यावं, आणि जावं. त्यांना काही नेता येऊ नये म्हणून बोटं अडकवायची. तू त्यांना सुटे हात दिलेस.

मी भांडले. आधी का नाही सांगितलं? ती म्हणाली, बाई, हे सांगायचं असतं? इथल्या मांजरांना ठाऊक आहे.

दोन तारखेला दुपारी बाराच्या घंटेला ते परत जातात. जे धरलेलं असेल ते घेऊन.

३१ ऑक्टोबर

सकाळीच घरोघर गेले. पाच घरांनी हात परत दिले, वर शिव्या दिल्या. घ्याव्याच लागल्या. लाटण्याने कुटून भट्टीत टाकले.

बास्तियाना स्वयंपाकघरात खुर्चीवर. मेलेली. गळ्याभोवती साखर. ताटली रिकामी.

पळत घरी आले. आमचीही ताटली रिकामी. वेनेरा म्हणते तिने खाल्ले नाहीत. खरं बोलते ती.

मोडायला हात उरलेच नाहीत.

१ नोव्हेंबर

साव्हेरिया म्हणाली, नवे कर, बोटं अडकवून. ते ताटलीत ठेवले तर कदाचित जुने सुटतील. सुकवायला चार दिवस नाहीत. ओलेच भट्टीत घातले. झडप उघडी ठेवून समोर बसले.

डोळ्यांदेखत बोटं सुटली. एकेक करून.

तीनदा केले. तीनदा—

वेनेरा जेवली नाही. आईने भरवलं म्हणते. ओठांवर लवंगेचा वास.

२ नोव्हेंबर, सकाळ

उशाशी साखरेची बाहुली. मी आणलेली नाही. मी विसरले होते.

वेनेरा हसली. किती महिन्यांनी.

साव्हेरिया वरून ओरडतेय, पोरीचा हात धर, घंटा होईपर्यंत सोडू नकोस, पलीकडे बघू नकोस. म्हणून वहीत बघतेय. उजव्या हातात वेनेरा. डाव्याने लिहितेय.

अकरा

पलीकडून ओढ लागलीय. हळू. मग जोरात. वेनेराचा पलीकडचा हात हवेत ताठ—

मी आसुन्ताशी बोलले. म्हटलं, बये, ही माझ्याकडे राहू दे. मी नीट वाढवीन, शाळेत घालीन. ओढ थांबली. मग दुप्पट—

पावणेबारा

पाय भट्टीच्या भिंतीला रोवलेत. पोर मध्ये. रडत नाही. आजी, दुखतंय, एवढंच म्हणाली. कोणाला म्हणाली, मला की—

पोरीचा खांदा वाजला.

पाच मिनिटं असतील. दोघींनी असंच ओढलं तर पोरीचं काही उरणार नाही. एकीने सोडायला हवं. आसुन्ता सोडणार नाही. तिला कळतच नाही. मी तिला नुसते हात दिले, डोळे दिले नाहीत. पोरीचं तोंड तिला दिसत नाही.

मला दिसतंय.

घंटा— पहिला ठोका— वेनेरा माझ्याकडे बघ, बाळा, आजीकडे, मी आता—