भवानीची मेथी

६ जानेवारी, सोमवार
सविताचं हिमोग्लोबिन आठ. दहा झाल्याशिवाय ऑपरेशन नाही, डॉक्टर म्हणाले. गोळ्या चालूच, शिवाय रोज ताजी पालेभाजी, बीट, डाळिंब. डाळिंब जाऊ द्या. तळेगावच्या कंपनीने आमचं डिपार्टमेंट बंद करून दोन महिने झाले. आजपासून भाजी मी आणणार. पर्चेसमध्ये एकवीस वर्षं काढलीत, सप्लायर घाम पुसायचे माझ्यापुढे. महिनाभरात दहा करून दाखवतो. फार तर साडेदहा.

७ जानेवारी
लोणावळ्याच्या मंडईत मेथीची जुडी तीस! शनिवार-रविवारी बंगलेवाले पाहुणे भाव न विचारता पिशव्या भरतात, भुर्दंड आम्हाला. हात हलवत परत आलो. तत्त्वाचा प्रश्न आहे. सविताने बटाटा केला.

९ जानेवारी, सकाळी ७
युक्ती सापडली. मंडईबाहेर मावळातल्या बायका पाट्या घेऊन बसतात. दिवसाची पहिली विक्री म्हणजे भवानी. भवानीचं गिऱ्हाईक त्या परत पाठवत नाहीत. उजाडायच्या आत नंदाबाईपुढे हजर. मेथी पंधराला मागितली. म्हणाली, भाऊ, लय कमी हुतंय. मी म्हणालो, मग जाऊ? दिली!

१३ जानेवारी
रोज नवी पाटी, रोज भवानी. अंबूबाई म्हणाली, बाराला काडी बी येत न्हाई. तरी दिली. सविता म्हणते, त्याही पहाटे चारला उठून येतात, असं नका करू. हिला बिझनेस कळत नाही.

१८ जानेवारी
विचित्र प्रकार. मी दिसलो की पाट्यांवर गोणपाट पडतं. अंबूबाई म्हणाली, माल न्हाई. गोणपाटाखालून पालक डोकावत होता, तो दाखवला. म्हणाली, त्यो इकलाय. शेवटी चहावाल्या रतनने सांगितलं. माझ्या भवानीनंतर म्हणे दुपारपर्यंत माल हलत नाही. माझ्या हाताला गुण नाही! काय ही अंधश्रद्धा! उद्या कानटोपी घालून जाणार.

१९ जानेवारी
कानटोपीतही ओळखलं.

२३ जानेवारी
नवी स्ट्रॅटेजी. संध्याकाळी दुकानांतला उरलेला माल. मेथी दहाला दोन जुड्या. निवडल्यावर निम्मी काळी निघाली, म्हणजे दहाला एक. तरी फायदाच. सविता जिना चढताना मध्येच पायरीवर बसली. थंडी फार आहे यंदा.

३ फेब्रुवारी
सात पूर्णांक सहा. लॅबचं मशीन जुनं असणार. ऑपरेशन पुढे ढकललं. डॉक्टरांनी विचारलं, भाजी खाता ना? सविता म्हणाली, खाते की, हे रोज आणतात. मेल्याहून मेल्यासारखं झालं. मशीनला काही झालेलं नाही, मला माहीत आहे.

४ फेब्रुवारी
सहालाच गेलो. नंदाबाईला म्हणालो, सांगाल तो भाव देतो. म्हणाली, भाऊ, राग मानू नगा, पर भवानी तुमच्या हातची नगं. दुसरं कुनी घिऊ द्या, मग न्या. मुकाट बाजूला उभा राहिलो. लाज वाटत होती, पण हललो नाही. पाऊण तासाने एक बाई आल्या, पालक घेऊन गेल्या. मग मला मेथी मिळाली. तीसला.

नंदाबाईने विचारलं, येवडी निकड कुनासाटी? बायकोसाठी, म्हणालो. आजारी आहे.

म्हणाली, मग बाईस्नी घिऊन या एकदा. भवानी त्येंच्या हातनं करू.

हो म्हणालो. सविताला आता जिना उतरवत नाही, हे नाही सांगितलं.