कोल्हा बिघडला, पान जमलं

मळमड्डी, धारवाड
भाद्रपद पौर्णिमा (गणपती बुडाले, पाऊस अजून बुडायला तयार नाही)

प्रिय बाळाचार्य यास,

सुधींद्राचा सप्रेम नमस्कार. (आशीर्वाद लिहिणार होतो, पण आपल्या दोघांत थोरला कोण हा वाद अजून मिटायचाय, तेव्हा तूर्त नमस्कारावर भागव.) गुडघे काय म्हणतात? उमेश, सूनबाई आणि नातू मजेत असतील. टोरांटोत आता थंडी पडायला लागली असेल, कानाला मफलर गुंडाळत जा. इथं तू सप्टेंबरातच गुंडाळून फिरायचास आणि अख्खी गल्ली हसायची, तर तिथं लाज कसली? आता फोन असताना पत्र कशाला, असं तू विचारशील. फोनवर काहीही विचारलं की तू पटकन ‘बघू’ म्हणतोस आणि विषय हवापाण्यावर नेतोस. पत्राला ‘बघू’ म्हणायला तुला निदान पंधरा दिवस तरी लागतील, तेवढीच मला विश्रांती.

तर माझी हकीकत ऐक. तू गेल्यावर आमच्या सूनबाईंनी, म्हणजे नेत्रानं, घराच्या पुढच्या दोन खोल्यांत बालवाडी काढली हे तुला ठाऊक आहे. (बालवाडी म्हटलेलं तिला चालत नाही. प्रीस्कूल म्हणायचं.) तिनं कुठल्याशा कंपनीकडून वर्षभराचा तयार अभ्यासक्रम घेतलाय आणि त्यात या आठवड्याला ‘ऑटम वीक’ आहे. शरद ऋतूची सोपी ओरिगामी, तीन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी. नेमक्या त्याच आठवड्यात तिथल्या सविता टीचर बहिणीच्या बाळंतपणाला अळणावरला गेल्या. नेत्रानं इकडं तिकडं पाहिलं आणि तिची नजर पेपर वाचत बसलेल्या माझ्यावर पडली. “अप्पा, तुम्ही कोर्टात जन्मभर कागदच दुमडलेत की,” म्हणाली. शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेल्या माणसाच्या नोकरीचं एवढं थोडक्यात वर्णन आजवर कुणी केलं नव्हतं. मला राग आला, पण हातातल्या पेपराची घडी घालून उठलो.

पहिल्या दिवशीचा पाठ असा: मुलांना अंगणात न्यावं, गळून पडलेली तांबडी-पिवळी पानं गोळा करावीत आणि मग तशीच पानं कागदाची करावीत. आता तूच सांग, या दिवसांत धारवाडात पान गळतं का? पावसानं भिंतींवरसुद्धा हिरवं उगवलंय. आपल्याकडची पानगळ शिवरात्रीच्या सुमाराला, हे कंपनीला कोण सांगणार? पण कोपऱ्यावरच्या बदामाच्या झाडावर एक तांबडं पान मला दिसलं. मुलांसमोर अब्रूचा प्रश्न होता, म्हणून छत्रीच्या मुठीत फांदी अडकवून मी ती हलवली. पान जागचं हललं नाही. आधी फांदीवरचं पाणी अंगावर आलं आणि पाठोपाठ तांबड्या मुंग्या आल्या. मी सदरा झटकत नाचायला लागलो तेव्हा मुलांना वाटलं हा ऑटमचा डान्स आहे, आणि तीही नाचायला लागली. नेत्रानं त्याचा व्हिडिओ काढून पालकांच्या ग्रुपवर टाकला. तुला अजून कुणी पाठवला नसेल तर मागू नकोस.

दुसऱ्या दिवशी कोल्हा. चौकोनी केशरी कागद तिरपा दुमडला की त्रिकोण, दोन टोकं वर केली की कान, डोळे पेननं काढायचे. पुस्तकात त्यापुढे ‘अतिशय सोपे’ असं लिहिलंय. पण चाळीस वर्षांची सवय बघ, हातात कागद आला की माझी बोटं त्याला उभी घडी घालतात आणि डावीकडे समास सोडतात. माझा कोल्हा दावा दाखल करायला निघाल्यासारखा लांबट झाला. श्रीवत्स नावाचं एक कार्टं आहे, ते म्हणालं, “अज्जा, इद बेक्क ऐति.” मांजर आहे म्हणे! मी त्याला समजावलं की हा नरि आहे, कोल्हा आहे. तर तो म्हणाला, मग ओरडून दाखवा. मी ओरडून दाखवलं. शेजारच्या पद्माबाई काठी घेऊन बाहेर आल्या.

तिसऱ्या दिवशी ओक नावाच्या झाडाचं फळ होतं, टोपी घातलेलं. (तुझ्या बागेत त्यांचा सडा पडतो म्हणे, खारी पळवतात म्हणे. तू फोटो पाठवतोस, मी अंगठा दाखवतो.) इथं ते कुणी पाहिलंय? मुलांनी एकमतानं ठरवलं की ही अडकी, म्हणजे सुपारी. श्रीवत्सानं तर दुसऱ्या दिवशी आजीच्या चंचीतली खरीखुरी सुपारी आणून कागदात बसवली, आणि दुपारी त्याची आजी आमच्या दारात उभी. तिची समजूत काढता काढता माझा चहा गेला.

पण तुला सांगायचं होतं ते चौथ्या दिवसाचं. त्या दिवशी कंपनीचं तांबडं पान करायचं होतं, पाच टोकांचं, तुझ्याकडे रस्तोरस्ती पडतं ना, तसलं. मला ते जमेना. मुलांना कुठून जमणार? वेदश्री म्हणून एक चिमुरडी आहे, वर्गात अवाक्षर बोलत नाही. तिनं कागद मधोमध दुमडला, बाहेरचे कोपरे मागे मुडपले, शेंडा आत खुपसला आणि उघडला. दोन पाकळ्यांचं पान झालं, हुबेहूब आपट्याचं. ते पान तिनं माझ्या हातावर ठेवलं आणि म्हणाली, “बंगारा तगो अज्जा.” सोनं घे म्हणाली रे! मग काय विचारतोस, सगळ्यांनी कंपनीची पाच टोकं सोडली आणि तसलीच पानं केली. एकेक जण येऊन माझ्या हातावर पान ठेवून वाकायचा. कंपनीचा ऑटम राहिला बाजूला, भाद्रपदातच आमचा दसरा झाला. नेत्रा म्हणाली, “अप्पा, डोळ्यांत काय गेलं?” मी म्हटलं, मुंगी.

बाळ्या, मला तुझी फार आठवण येते. आपल्या दोघांच्याही दाखल्यावर मास्तरांनी जन्मतारीख म्हणून एकाच सालचा एक जून लिहून ठेवलाय. सोनं द्यायला धाकट्यानं थोरल्याच्या घरी जायचं, आणि आपण दोघंही थोरले. दर दसऱ्याला दोघंही आपापल्या घरात हटून बसायचो, दोघांनाही धीर निघायचा नाही, आणि गल्लीच्या मध्यावर विजेच्या खांबापाशी गाठ पडायची. “बन्नी तगोंड बंगारदंग इरोण,” सोन्यासारखे राहू या, असं तू ओरडायचास की खांबाखालचं कुत्रं उठून जायचं. गेले दोन दसरे मी पानं घेऊन खांबापर्यंत जातो. कुणी विचारलं तर खांबावरचा नंबर बघतोय असं सांगतो. पानं मग गणेश इस्त्रीवाल्याला देऊन परत येतो. गणेश भला माणूस आहे, पण तो मला साहेब म्हणतो.

घरात सगळे ठीक आहेत. तुझ्या अंगणातला पारिजात बहरलाय, फुलं मी वेचून देवाला नेतो. सूनबाईंना आशीर्वाद, नातवाला गोड पापा.

तुझा,
सुधींद्र (वयानं थोरला)

ता. क. मागच्या आठवड्यात उमेशचा फोन आला होता. “काका, अप्पा आता इथंच रमलेत, घराला चांगला भाडेकरू बघा,” म्हणाला. तू स्वतः काही बोलला नाहीस. दोन भाडेकरू येऊन गेले. एक विद्यापीठातले प्राध्यापक होते, अतिशय सज्जन. त्यांना मी सांगितलं की स्वयंपाकघर गळतं. दुसऱ्यांना सांगितलं की रात्री माडीवर कुणीतरी चालतं. स्वयंपाकघर गळत नाही, हे तुला माहीत आहे. माडीवर मीच जातो, खिडक्या लावायला.

ता. क. २ वेदश्रीनं केलेलं पान मी पंचांगात घालून ठेवलंय. पाकिटात घालणार होतो, पण सोनं पोस्टानं देत नाहीत, हातावर ठेवायचं असतं. तेव्हा वर नमस्कार लिहिलाय तोच बरोबर समज. वाद मी सोडला. तू थोरला. यंदा खांबापाशी थांबणार नाही, दसऱ्याच्या संध्याकाळी मीच तुझ्या घरी सोनं घेऊन येईन आणि कडी वाजवीन. दार तू उघडायचंस. किल्ली आदल्या दिवशी येऊन माझ्याकडून घेऊन जा.