मैनेची जागा

चेतन बाबू,

फोनवर मी तुले 'जागा भेटली' इतकंच सांगितलं.

तुये बाबा गेल्यावर वरातीत आपल्या घोडीचा, मैनेचा, लगाम मीच धरला. आता तिच्यासाठी नागपूरजवळचा तबेला पाहून आली. पाणी आहे, पंखा आहे, दोर आखूड. मालक म्हणे, "आठ दिवस फुरफुरते, मग मान टाकते." तेवढ्यात बाजूच्या लग्नाच्या लॉनात बँड वाजला. बांधलेल्या साऱ्या घोड्या जागच्या जागी पाय उचलू लागल्या.

आपल्या सौसरच्या घराचा सौदा तू करून टाकला. फ्लॅटात मायी खोली तयार आहे, पंखा लावला, हे रोज सांगून राहिला. सूनबाई शिवानी म्हणते, "आठ दिवसांत करमेल, आई."

करमेल. फक्त खाली बँड वाजला, तर माया पायाकडे पाहू नको.

तुयी माय,
नलिनी